प्रतापगडची जत्रा आणि कॅम्पातला लोसार : अर्जुनी-मोरगावकडची भटकंती

शनिवार

यंदा महाशिवरात्र रविवारी आली आणि तिबेटी लोकांचं नवं वर्ष म्हणजे लोसार बुधवारी, १८ फेब्रुवारी २०२६ ला. दोन्ही एकाच आठवड्यात, आणि दोन्हीची ठिकाणं एकमेकांना लागून. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगड म्हणून गाव आहे, तिथल्या पहाडीवर शिवरात्रीला मोठी जत्रा भरते, आणि त्याच प्रतापगडच्या पोस्टाच्या पत्त्यावर नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, १९७२ पासूनची. आजूबाजूचे लोक नुसतं कॅम्प म्हणतात. व्हिडिओवाले त्याला मिनी तिबेट म्हणतात, दोन मोमो खातात, ड्रोन उडवतात आणि संध्याकाळी नागपूरला परत.

मला बोलावणं होतं. आमच्या उमरेडला दरसाल दिवाळीच्या सुमारास स्वेटरवाले येतात, अर्धा गाव त्यांना अजूनही नेपाळीच म्हणतो, पण ते सगळे तिबेटी. त्यातल्या एका मावशीकडूनच आमच्या घरची स्वेटरं येतात, मी शाळेत होतो तेव्हापासून. जानेवारीत दुकान आवरताना ती म्हणाली, दरसाल येतो येतो म्हणतोस, आता लोसारले येच. मग काय, दोस्ताला विचारलं, तो बिचारा कुठंही जायला तयारच असतो, गाडी त्याची पेट्रोल माझं असं ठरलं आणि सकाळी सकाळी निघालो.

रस्ता उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रम्हपुरी, वडसा आणि पुढे अर्जुनी. भिवापूरला मिरचीचे सातरे लागले होते, लाल ढिगाऱ्याभोवती बाया बसून देठ तोडत होत्या, तोंडाला पदर बांधलेला, आणि आम्ही नुसते रस्त्यावरून गेलो तरी नाकातून पाणी. नागभीडपासून झाडी वाढते. ब्रम्हपुरीकडे वाघाचे बोर्ड जागोजागी, दोस्त मागं बसून प्रत्येक बोर्ड मोठ्यानं वाचत होता, जसा काही मला दिसतच नाही. वैनगंगेचा पूल ओलांडला की वडसा, म्हणजे कागदावरचं देसाईगंज, झाडीपट्टी नाटकांचं माहेरघर. दिवाळीनंतर जे सुरू होतं ते होळीपर्यंत थांबत नाही. चौकात इतके पोस्टर की पानठेल्याचा बोर्डसुद्धा दिसत नव्हता, प्रत्येक नाटकाच्या नावात कुंकू, सासर नाहीतर रक्त.

अर्जुनीला माझी चुलत बहीण दिलेली आहे, मुक्काम तिच्याकडे. भाऊजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पोचल्या पोचल्या ताईनं लाखोळीची दाळ अन भात वाढला, वरून जवसाची चटणी, आणि भाऊजींनी सूचना सुरू केल्या. रात्री जंगलाच्या रस्त्यानं एकटे फिरू नका, वाघ आहे, अस्वल आहे, आणि आता हत्तीचाही भरवसा नाही. हत्तीचं खरंच आहे, २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि पुढे या तालुक्यातही फिरून गेला, लोकांचे धान तुडवून. एवढं सगळं सांगून झालं आणि रात्री दहाला भाऊजी स्वतःच म्हणाले, चला, बाजूच्या गावात नाटक आहे.

नाटकाबद्दल लिहायला बसलो तर दुसरं काही लिहून होणार नाही. एवढंच सांगतो की आमच्या पुढच्या रांगेत चार तिबेटी पोरं होती, जॅकेटं घालून, आणि विनोदी पात्र स्टेजवर आलं की सगळ्यात पहिली शिट्टी त्यांची. तो सासऱ्याला झाडीबोलीत जे काही बोलत होता ते दोस्ताला अर्धं समजत नव्हतं, ही पोरं मात्र खुर्चीवरून पडायच्या बेतात. मध्यंतरात चहाच्या ठेल्यावर एकाला विचारलं, कॅम्पचे का? ‘हव जी, तुमी कोठचे?’ उमरेड म्हटल्यावर म्हणे आमची मावशी असते तिकडे. सगळ्यांचीच कोणी ना कोणी कुठल्या तरी बसस्टँडजवळ असते.

रविवार

पहाटेच निघालो तरी उशीरच झाला. अर्जुनीपासूनच रस्ता भरलेला, ट्रॅक्टर, काळीपिवळी, एसटीच्या जादा गाड्या, आणि मधून मधून पायी चाललेले महादेवाचे पोहे, म्हणजे यात्रेकरूंचे जथे, पुढं त्रिशूळवाला, मागं डफ, हर हर महादेव. ताईचा कडक उपास, तिनं पाणीसुद्धा घेतलं नाही आणि आमच्यापेक्षा आधी वर पोचली.

पहाडीवर महादेव आहे आणि त्याच पहाडीला ख्वाजा उस्मान हारुनी बाबांचा दर्गाही आहे. लोक महादेवाला जातात आणि तिथंही जातात, कोणी कोणाला विचारत नाही. आमच्या पुढच्या म्हातारीनं खालूनच दोन नारळ घेतले होते, एक इकडचा एक तिकडचा, आणि वर चढताना नातवाला सांगत होती की पिशवीत मिसळू नको. जुन्या किल्ल्याचे दगड झाडोऱ्यात पडलेले दिसतात. वरून सगळा धानाचा मुलूख दिसतो, बांध्या म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, बोड्या म्हणजे छोटी तळी, मध्येच निळं पाणी, आणि जिकडं तिकडं पळस फुललेला. गर्दीत ढकलाढकली होतीच, एका पोलिसानं दोस्ताची बाटली काढून घेतली, त्यात लिंबूपाणी होतं.

खाली बाजारात मजा आली. पाटे-वरवंटे, विळे, लोखंडी कढया, बुरडांची सुपं-टोपल्या. तिथं दोन तिबेटी बाया सूप घेत होत्या, अंगात त्यांचा तो लांब झगा, चुबा, आणि पुढं आडव्या रंगीत पट्ट्यांचा एप्रन, पांगदेन म्हणतात, लग्न झालेल्या बायाच घालतात. त्यातल्या मोठीनं एक एक सूप उचलायचं, उलटं करायचं, काठावरची वेताची शिवण नखानं ओढून पाहायची, टिचकी मारायची, बाजूला ठेवायचं. बुरडीण वैतागली. म्हणाली, बाई घ्याचं हाय का नुसतं वाजवाचं हाय? ही म्हणते, ‘काठ कच्ची हाय तुह्या सुपाची, मांगच्या साली नेलं त दिवाळीले उसवलं.’ मग भाव. दोघीही मागं हटेनात, शेवटी एक सूप अन एक छोटी टोपली मिळून सौदा झाला आणि बुरडीण हसून म्हणाली, लय पक्की आहेस माय तू.

दुपारी भगर, दाण्याची आमटी आणि झाडाखाली झोप. रविवार संपला.

सोमवार

आता खरं सांगायचं ते. गोठणगाव ओलांडलं की थोडं पुढं रस्त्याच्या कडेला झेंड्यांच्या माळा दिसायला लागतात, निळा, पांढरा, लाल, हिरवा, पिवळा, त्यावर मंत्र छापलेले, आणि मग एक कमान. कमानीच्या अलीकडं धानाच्या बांध्या, पलीकडंही धानाच्याच बांध्या. घरं आपल्या घरकुलासारखी, कोणाची स्लॅब, कोणाची कवेलू, अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली, कोंबड्या, एक झोपलेलं कुत्रं. डोंगर नाही, बर्फ नाही. फेब्रुवारीच्या अकरा वाजता ऊन असं की जॅकेट काढून डिक्कीत टाकलं.

मावशीच्या अंगणात मोठी कढई चढवलेली आणि खाप्से तळणं सुरू. हा लोसारचा फराळ. मैदा, लोणी, साखर, पीठ घट्ट मळलेलं, एक जण लाटतेय, एक जण कापतेय, आणि मावशी चिरोटीएवढ्या पट्टीला मधोमध चीर देऊन त्यातून टोक ओढून पीळ घालतेय, बघता बघता वीस झाले. पण तिचा सगळा जीव मोठ्यात होता. हे मोठे हातभर लांब पोकळ कान, त्याला गाढवाचे कानच म्हणतात ते लोक, देवासमोर रचायला. ते तळताना दोन झारे लागतात, एकीनं धरायचं, दुसरीनं तेल वरून सोडत राहायचं, नाहीतर कान बसतो. एक बसला. मावशीनं तो कढईतून काढला, बघितला आणि दोस्ताच्या हातात दिला, ‘खा, हा देवाले चालत नाई.’

आत गेलो. भिंतीशी लाकडी देव्हारा, समोर ओळीनं पाण्याच्या सात वाट्या, वर दलाई लामांचा मोठा फोटो आणि त्यावर पांढरा खाता, म्हणजे मानानं घालायचा रेशमी पट्टा, बाजूला अर्जुनीच्या राइस मिलचं कॅलेंडर. दोस्त बौद्ध घरचा, तो सरळ पुढं झाला, हात जोडले आणि बुद्धं सरणं गच्छामि सुरू केलं. मावशीची सून दारातून बघत राहिली, मग तीही हात जोडून उभी राहिली पण म्हणत होती आपलंच काहीतरी, ओम मणि पद्मे हुं. चहा आला तो लोणी-मिठाचा. अमूल बटर घालून घुसळलेला. पहिला घोट घेताना चहा आहे हे विसरायचं, सूप समजायचं, मग उतरतो. त्यात त्साम्पा कालवून खातात, ते म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ.

मावशीचा जन्म १९६९ चा, हिमाचलकडच्या कुठल्याशा रस्त्याच्या कामावरच्या तंबूतला. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो माणसं डोंगर उतरून आली, आणि सरकारनं त्यांना पहाडी रस्ते बांधायच्या कामाला लावलं. मग एकेक वसाहत उभी राहिली, कर्नाटकात बैलकुप्पे, मुंडगोड, छत्तीसगडात मैनपाट, ओडिशात चंद्रगिरी, आणि आपल्या महाराष्ट्रात ही. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळा भंडारा, म्हणून हिमाचलातल्या धरमशाला गावी असलेल्या त्यांच्या निर्वासित सरकारच्या यादीत आजही या जागेचं नाव भंडारा असंच आहे. १९९९ मध्ये जिल्हा फुटला ते त्यांच्या यादीपर्यंत पोचलंच नाही. तीन वर्षांची असताना मावशी इथं आली, तिला हिमाचल आठवत नाही, तिबेट तर बघितलाच नाही. आठवतं ते इथलं पहिलं ऊन. म्हणे तिची आई दुपारी ओलं गोणपाट अंगावर टाकून तिला मांडीवर घेऊन बसायची आणि रडायची. ज्या माणसांना थंडीत कसं जगायचं एवढंच माहीत त्यांना थेट पंचेचाळीस डिग्रीच्या मुलखात आणून सोडलं, हातात कुदळी आणि समोर जंगल. धान कसा रोवायचा, पऱ्हे कसे टाकायचे हे त्यांना गोठणगावच्या बायांनी चिखलात उभं राहून शिकवलं. मावशी हे सांगताना तोंडानं नाही, हातानंच सांगत होती, तीन बोटांत काडी धरून.

शेती आहे पण पोट शेतीवर नाही. २०२५-२६ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता, त्यात काय उरतं ते आपल्याला सांगायला नको. जमीन वसाहतीसाठी दिलेली, स्वतःच्या नावावर नाही, मग बँकेत पीककर्जाला तारण काय ठेवणार, विकायचा तर प्रश्नच नाही. म्हणून धान निघायच्या आधीच अर्धा कॅम्प लुधियानाला जातो माल उचलायला. बराचसा माल उधारीवर, नुसत्या भरवशावर, आणि सीझन संपला की पैसे चुकते. करोनाच्या वर्षी बसलेला फटका मावशी अजून काढते. आता थंडीच उशिरा येते, आणि पोरं मोबाईलवर स्वेटर मागवतात. ‘तुह्या बहिणीनं बी मागवलं ना यंदा,’ असं तिनं मलाच ऐकवलं. मी खाप्सा खात राहिलो.

तिचा पोरगा बंगलोरहून आला होता, पंचविशीतला, कंपनीत काम करतो. त्याच्याशी कागदपत्रांवरून बोलणं निघालं आणि मग ते थांबेचना. त्यांच्याकडे आरसी असते, म्हणजे रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, हिरवं पुस्तक नव्हे ते वेगळं, ते त्यांच्या धरमशालेच्या सरकारचं. आरसी आपलं पोलीस खातं देतं आणि मुदत संपली की नवी करून घ्यावी लागते. बाहेरदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, आयसी नावाचं पिवळं पुस्तक, आणि ते बघून विमानतळावरचा माणूस आधी साहेबाला बोलावतो. मी म्हटलं तू भारतात जन्मलास, तुझी आई भारतात जन्मली, मग तू परका कसा? तर तो वकिलासारखा सांगायला लागला. कायद्यानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ च्या दरम्यान भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक. म्हणजे मावशी नागरिक. आई नागरिक म्हणून तोही. दिल्ली हायकोर्टानं २०१० मध्ये आणि परत २०१६ मध्ये हेच सांगितलं. २०१४ मध्ये निवडणूक आयोगानंही अशांची नावं मतदार यादीत घ्या म्हटलं. मग घोडं कुठं अडलं? तर २०१७ मध्ये पासपोर्टसाठी अटी आल्या की आरसी परत करा, आयसी परत करा, तिबेटी सरकारचे फायदे सोडा आणि तिबेटी वसाहतीत राहणं सोडा.

‘म्हणजे भारतीय व्हाचं त हे घर सोडाचं,’ तो म्हणाला. ‘आई कोठी जाईन? अर्जुनीले भाड्यानं?’

आणि दुसरी बाजूही त्यानंच सांगितली, की कॅम्पात सगळ्यांनाच नागरिकत्व पाहिजे असंही नाही. म्हाताऱ्यांना वाटतं हे घेतलं की तिबेटची गोष्ट संपली. काही पोरं कॅनडा-अमेरिकेची वाट धरतात, तिकडं गेल्यावर पासपोर्ट मिळतो आणि त्यावर कोणी रागावत नाही, हे त्याला सगळ्यात विचित्र वाटतं. २००९ मध्ये त्यांच्या सरकारनं मोजणी केली तेव्हा भारतात ९४ हजार २०३ तिबेटी होते. आता किती उरलेत ते गल्लीत फिरलं तरी समजतं, कुलपं दिसतात. मला विचाराल तर २०१७ च्या त्या अटी म्हणजे शुद्ध अन्याय आहे, पन्नास वर्षं चिखल तुडवलेल्या माणसाला कागद देताना घराची किल्ली मागायची हे कुठल्या हिशोबात बसतं?

संध्याकाळी गुथुक. वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी नऊ जिनसांचं हे सूप करतात, आणि प्रत्येकाच्या वाटीत कणकेचा एक मोठा गोळा, आत काहीतरी लपवलेलं. कोळसा निघाला तर मन काळं, लोकर निघाली तर मऊ मनाचा, मीठ म्हणजे आळशी, मिरची म्हणजे तोंडाळ. दोस्ताला मिरची. हसून हसून मावशीच्या सासूबाईंना ठसका लागला, बिचाऱ्यांना मराठी येत नाही पण सकाळपासून हा माणूस किती बोलतोय ते त्यांनी बघितलं होतं. मला मीठ. त्यावर मी काही बोलणार नाही.

जेवण झाल्यावर उरलेलं सूप एका फुटक्या भांड्यात, त्यात कणकेचा एक बाहुला, प्रत्येकानं कणकेचा गोळा अंगावरून फिरवून, जिथं दुखतं तिथं दाबून त्यात टाकायचा, आणि मग पेटती काडं घेऊन पोरं घरभर ओरडत फिरली, कोपरान् कोपरा, आणि सगळं घेऊन चौकात नेऊन टाकलं, मागं वळून न बघता परत. दोस्त म्हणाला, ‘अबे ही त मारबत हाय, इडापिडा घेऊन जा गे मारबत.’ बंगलोरवाला पोरगा म्हणाला, हव ना, आमी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोठणगावले तेई करतो.

रात्री परत निघायच्या आधी बाजूच्या घरातल्या म्हाताऱ्यांनी बोलावलं. सगळे त्यांना पो-ला म्हणतात, म्हणजे आजोबा. पाठ अजून सरळ, हिंदी फौजी. हे टू-टू मधले. स्पेशल फ्रंटियर फोर्स, १९६२ च्या चीन युद्धाच्या सुमारास तिबेटी पोरांची उभी केलेली पलटण, तिला एस्टॅब्लिशमेंट २२ म्हणायचे म्हणून टू-टू. १९७१ ला या लोकांना चितगावच्या डोंगरात पाठवलं, बांगलादेशच्या लढाईत. चीनशी लढायला भरती झालो आणि लढलो भलत्याच ठिकाणी, असं ते हसत सांगत होते. पलटणच गुप्त, त्यामुळे लढाई मारली तरी पदकं नाहीत, परेड नाही, पेपरात नाव नाही. मी विचारलं वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, जे तिथं राहिले त्यांचं वाटतं. मग लगेच विषय बदलून दोस्ताच्या गाडीचं अॅव्हरेज विचारलं.

मंगळवार

कॅम्पात सगळे साफसफाईत, म्हणून आम्ही इटियाडोहला गेलो. गाढवी नदीवरचं धरण, १९७० चं, आणि याचंच पाणी पार वडसा-आरमोरीकडच्या धानाला जातं. उन्हाळी धानाचं रोवणं सुरू होतं. पाळीवर बसून ताईनं दिलेले वडे खाल्ले. एक ढिवर काका जाळं वाळवत होते, त्यांनी बोट दाखवून सांगितलं की त्या झुडपाच्या सरळ रेषेत पाण्याखाली आमच्या बुढ्याची बांधी आहे.

मग दुपारी अरुणनगर. या पट्ट्यात बंगाली लोकांचीही गावं आहेत, अरुणनगर, गौरनगर अशी, पूर्व पाकिस्तानातून निघालेल्या लोकांची. केळीची झाडं, घराघराला डबकं आणि डबक्यात मासे, दुकानावर बांगलात गप्पा आणि गिऱ्हाईक आलं की मराठी. यांना नागरिकत्व मिळालं, मतदान आहे, सरपंच आहे. पण त्यांचंही कागदावाचून अडलेलंच, नमशूद्र जात बंगालात अनुसूचित, महाराष्ट्राच्या यादीत नाही, पोराच्या शिक्षणापासून सगळीकडे ती अडचण. चहावाल्या दादाला मी पो-लांची गोष्ट सांगितली, की तिकडच्या कॅम्पातले एक म्हातारे चितगावला लढलेत. त्याला माहीतच नव्हतं. तो इथं जन्मलेला, पण त्याचा बाप १९७१ च्या आधीच्या गडबडीत निघाला होता. तो बराच वेळ भांडं घासत राहिला, मग म्हणाला, स्वेटर तं त्याहीच्याकडूनच घेतो आमी. आणि चहाचे पैसे घेईना. दोस्तानं जबरदस्तीनं ठेवले.

एवढ्याशा टापूत किती जणांचं गाव सुटलेलं आहे राव. आणि ज्यांचं नाही सुटलं ते गोंड लोक जंगलाच्या पट्ट्यासाठी तालुक्याला खेपा घालतात. भाऊजी म्हणतात त्यांच्या शाळेत एका वर्गात चार घरच्या भाषा आहेत आणि शिव्या मात्र सगळ्यांच्या झाडीतल्या.

बुधवार

लोसार ताशी देलेक! उजाडायच्या आतच पोचलो. मावशीनं हिरवा रेशमी चुबा, गळ्यात पोवळं, ओळखूच आली नाही, बसस्टँडवर तिला टोपी आणि मफलरमध्येच बघायची सवय. दारातच छेमार समोर धरला, म्हणजे लाकडी पेटी, मधे फळी, एकीकडे लोणी कालवलेला त्साम्पा, दुसरीकडे भाजलेलं धान्य. चिमूट घ्यायची, हवेत तीनदा उडवायची, उरलेली तोंडात. मग छांग आली, म्हणजे त्यांची घरगुती दारू, ती मात्र इथल्या तांदळाची. हे अग्नी-अश्व वर्ष, त्यांच्या मोजणीनं २१५३ वं.

गोम्पात, म्हणजे त्यांच्या मठात, सगळा कॅम्प जमलेला, भिक्खूंचा तो खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज, लांब शिंगं, झांजा. शिवाय ब्रम्हपुरी-अर्जुनीकडची बौद्ध कुटुंबं पांढरे कपडे घालून आलेली, त्यांच्या पोरांना सगळ्या भिंतींवरचे ते डोळे वटारलेले रक्षक देव बघून जरा भीती वाटत होती, एक चिमुरडी आईला विचारत होती, आई आपला बुद्ध रागावला का? आईनं तिला उचलून मधल्या मोठ्या मूर्तीकडे नेलं. दलाई लामांना गेल्या जुलैत नव्वद पूर्ण झाली, त्याचं वर्ष साजरं चाललंय, मोठा फलक होता. पुढचा दलाई लामा कोण ठरवणार हा प्रश्न म्हाताऱ्यांच्या तोंडी सारखा होता, त्यांनी स्वतः सांगितलंय की परंपरा चालू राहील आणि शोधायचं काम त्यांच्याच ट्रस्टचं, पण चीन ऐकतोय थोडंच.

नंतर मैदानात गोल धरून नाच, गोर्शे. सावकाश पावलं, आपल्या लोकांना वाटतं सोपं आहे. गोठणगावचे दोन-चार पुढारी शुभेच्छा द्यायला आले, त्यांना खाते घातले, एकानं लगेच फोटो काढून घेतला. दोस्त नाचात शिरला आणि उलट्या दिशेनं फिरला. पो-लांनी त्याच्या खांद्याला धरून, तोंडानं फौजी बायें-दायें करत वळवला.

दुपारी निघालो. मावशीनं खाप्स्यांची पिशवी आईसाठी वेगळी आणि आमच्यासाठी वेगळी बांधली, कारण तिला आमच्यावर भरवसा नाही.

कोणाला जायचं असेल तर गोंदिया-वडसा लाइनवर अर्जुनी स्टेशन आहे, तिथून पुढे गाडी करावी लागते किंवा एसटीची वेळ बघून थांबावं लागतं. आपल्या लोकांना परवानगी लागत नाही, विदेशी पाहुणा सोबत असेल तर त्याला आधी परमिट काढावं लागतं, ते नसेल तर नेऊ नका, त्रास कॅम्पवाल्यांना होतो. फोटो विचारून काढा, ड्रोन घरीच ठेवा. नोव्हेंबर-डिसेंबरात गेलात तर अर्धी घरं बंद असतील, ती माणसं तेव्हा तुमच्याच गावात स्वेटर विकत असतात. आणि मे महिन्यात जाऊ नका, मावशी म्हणते तेव्हा तिलासुद्धा तिथं राहायला नको वाटतं.